लेस्टर कॉन्फर आणि बोथट नाकाची गोळी

लेस्टर कॉन्फरशी कुणाची ओळख करून दिली की तो एक हात पुढे करी आणि दुसरा खिशात घाली. खिशातून निघे ते काडतूस. पस्तीस कॅलिबरचं, बोटाएवढं जाड, पितळ असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. वर शिशाची गोळी, आणि तिचं नाक बोथट, म्हाताऱ्या बोक्याच्या नाकासारखं. समोर नवा पाद्री असो, दातांचा डॉक्टर असो की विजेचं मीटर वाचायला आलेली बाई असो, लेस्टर ते त्याच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "वजन बघ."

माणूस वजन बघे. काय बोलावं हे त्याला सुचत नसे, म्हणून तो मान डोलवी. ती मान डोलली की लेस्टर ती होकारात धरी, आणि पुढचा अर्धा तास त्या माणसाचा राहत नसे.

प्रवचन ठरलेलं असे. हल्लीच्या गोळ्या म्हणजे सुया. वेग भरपूर, अक्कल शून्य. निघतात घाईनं, जातात भलतीकडे, आणि हरीण उभ्याउभ्या विचार करतं की आत्ता काय गेलं. ही जुनी गोळी मात्र सावकाश निघते, जड पावलांनी जाते आणि पोचली म्हणजे पोचली. "वाटेत फांदी आली तर सुई वळते," तो सांगे. "ही फांदीला म्हणते, बाजूला हो बाई, मला पुढं काम आहे."

आता हे फांदीचं काही खरं नाही. लेस्टरच्या बायकोचा भाऊ डेन्व्हर याला कुठलीही गोष्ट करून बघितल्याशिवाय झोप लागत नसे. त्यानं एका उन्हाळ्यात मागच्या अंगणात लाकडी काठ्यांचं रान उभं केलं, मागं पुठ्ठा लावला आणि दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या झाडल्या. सुई वळली, हे लेस्टरनं टाळी वाजवून दाखवलं. मग बोथट नाकाची झाडली. तीही वळली, आणि जाता जाता डेन्व्हरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं एक फळकूट घेऊन गेली. लेस्टरनं काठ्या हातात घेऊन नीट पाहिल्या आणि निकाल दिला, की या दुकानातल्या काठ्या आहेत. खऱ्या झुडपाला समज असते.

नाक बोथट का, याचंही लेस्टरचं उत्तर तयार असे. नम्रता. जुन्या लोकांनी बनवलेली वस्तू, तिला टोक दाखवायची हौस नाही. डेन्व्हर ते ऐकून नाकानंच हसे. त्या जुन्या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक झोपतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकतं, आणि बुडात असते टोपी, जिच्यावर टोचलं की बार उडतो. टोकदार गोळी भरली तर एखाद्या धक्क्यानं बंदूक चालवणाऱ्याच्या हातातच दिवाळी. म्हणून नाक बोथट. यात नम्रता कुठून आली, असं तो विचारी. लेस्टर म्हणे, "तुझ्यासारख्याला कारण कळतं. गुण कळत नाही."

हे सगळं पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत चाले. तिथं थँक्सगिव्हिंगचं टर्कीचं जेवण पोटात जिरायच्या आत हरणांचा मोसम उघडतो, आणि तो उघडला की गावात बायका, बँक आणि बर्फ एवढंच उरतं. लेस्टर आधी लाकडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा शाळेची पिवळी बस चालवायला लागला. पोरांना त्यानं तेवीस थांब्यांवर उतरवलं आणि प्रत्येकाला काडतूस दाखवलं. अखेर शाळेनं लेखी कळवलं, की बसमध्ये ही वस्तू नको. तेव्हापासून तो पोरांना त्याचं नुसतं वर्णन करी.

निवृत्त झाल्यावर त्याच्या आयुष्यात दोनच मोठ्या गोष्टी उरल्या: एक ती काडतुसं आणि दुसरी कॅम्पातली खुर्ची. बायको आर्लीन तिसरी. पण हे तिला ठाऊक होतं आणि तिची काही तक्रार नव्हती, कारण मोसमात तिला घर मिळे.

कॅम्पाचं नाव 'ओले मोजे'. हेमलॉकच्या, म्हणजे देवदारासारख्या सदाहरित झाडांच्या, रानात ओंडक्यांची एक खोली, लोखंडी शेगडी, एकावर एक खाटा, आणि भिंतीवर शर्टांचे तुकडे. खिळ्यांनी ठोकलेले, चौकड्यांचे, लाल, हिरवे, तपकिरी, काही इतके जुने की उंदरांनी त्यांच्या कडा कातरून घरटी केलेली. कॅम्पाचा कायदा एकच. हरणावर बार टाकला आणि हरीण पडलं नाही, तर रात्री जेवण झाल्यावर शर्टाचं मागचं टोक कापायचं. त्यावर नाव आणि कारण लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. नाचता येईना अंगण वाकडं, हे म्हणायची मुभा सगळ्यांना. सूर्य डोळ्यांत आला, बायकोचा विचार मनात आला, दुर्बिणीच्या काचेवर वाफ आली, सगळं ऐकून घेतात, हसतात, दाद देतात आणि मग कापतात. सुटका एकाच गोष्टीनं होते: काडतुसानंच दगा दिला तर. तो माणसाचा दोष नाही, असं जुन्या लोकांनी ठरवून ठेवलेलं.

आणि ज्याचा शर्ट कधीच कापला गेला नाही, तो बसतो खुर्चीत. ही खुर्ची गावातल्या बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातून उचलून आणलेली, पाय टेकायला लोखंडी फळी असलेली. तिच्यात बसणारा पहाटे सांगतो, आज कोण कुठल्या झाडाखाली बसणार. त्याच्या शब्दावर शब्द नाही.

त्या खुर्चीत गेली कितीतरी वर्षं लेस्टर बसत होता. त्याचा शर्ट अखंड होता. भिंतीवर डेन्व्हरच्या नावाचे इतके तुकडे की शिवले असते तर गोधडी झाली असती. लेस्टरच्या नावाचा एकही नाही. याचं श्रेय तो अर्थातच बोथट नाकाला देई.

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, पण खुर्चीपुढं बोलणार कोण. पहाटे जागा वाटताना लेस्टर दुसऱ्यांना खिंड देई, ओढ्याचा पाणवठा देई, जुन्या सफरचंदाच्या बागेचा कोपरा देई, आणि स्वतःकडं ठेवी वरचं दाट हेमलॉकचं रान. तिथं दुपारीही संध्याकाळ असते. हरीण तिथं येत नाही, कारण तिथं त्याला खायला काही नाही. आलंच तर दिसत नाही. लेस्टर तिथं आपली जुनी बंदूक मांडीवर घेऊन बसे, लाल बिटात मुरवलेली अंडी खाई, डुलकी काढी आणि संध्याकाळी येऊन सांगे, की जरा लहान होतं म्हणून सोडून दिलं. न झाडलेली गोळी चुकत नाही. हे शास्त्र मात्र त्यानं कुणाला शिकवलं नाही.

तर काडतुसं. तसली आता दुकानात धड मिळत नसत. मिळत ती नव्या तऱ्हेची, टोकाला मऊ लाल बोंड बसवलेली, म्हणजे नळीतही चालतात आणि लांबही जातात. लेस्टर त्यांना विदूषकाचं नाक लावलेली काडतुसं म्हणे. त्याचा जावई ब्रॅडी हा गावोगाव फ्रिज आणि घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करत फिरणारा साधासरळ माणूस. त्यानं ख्रिसमसला सासऱ्याला अशांचा एक खोका भेट दिला होता. लेस्टरनं त्याचे आभार मानले आणि खोका तळघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावला. खिडकी छान उघडी राहू लागली.

त्याची स्वतःची काडतुसं चुलत्याच्या घरून आली होती. चुलता वारला तेव्हा भावंडांनी ट्रॅक्टर घेतला, कुणी जमीन घेतली. लेस्टरनं कॉफीचा एक पत्र्याचा डबा उचलला आणि मनातल्या मनात बाकीच्यांना मूर्ख म्हटलं. तो डबा तळघरात कपडे धुवायच्या यंत्राशेजारी राही. यंत्र चालू झालं की डब्याला वाफेचं स्नान. आणि दर वर्षी पानं गळायला लागली की लेस्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरी, सगळी काडतुसं ओळीनं मांडी आणि शिवणयंत्राचं तेल घेऊन एकेकाला चोळी. वरून, बाजूनं, आणि बुडाला तर दोनदा. पोरीला न्हाऊ घालावं तसं. मोसम उघडला की डबा त्याच्याबरोबर कॅम्पात जाई.

ज्याला काडतुसातलं थोडंफार कळतं त्याला ऐकूनच घाम फुटेल. तेल बुडाच्या टोपीत झिरपतं. झिरपलं की टोपीतली दारू झोपते. कधी उठतच नाही. कधी उठते, पण चहा-बिहा घेऊन, सावकाश. डेन्व्हरनं हे लेस्टरला सांगितलं होतं. लेस्टरनं विचारलं, "तू टोपीला विचारलंस का?"

त्या वर्षी ब्रॅडी पहिल्यांदा कॅम्पात आला. पोरीनं, म्हणजे डार्लानं, आईला सांगितलं, आईनं लेस्टरला सांगितलं, आणि लेस्टरला नाही म्हणता येईना, कारण आर्लीननं हे सांगताना त्याच्या पानात डुकराच्या मांसाची आणि मक्याच्या पिठाची खरपूस तळलेली वडी वाढली होती. दोन वाढल्या असत्या तर तो ब्रॅडीच्या बापालाही बोलवून आला असता.

ब्रॅडी नवी कोरी बंदूक घेऊन आला. वर नळकांड्याएवढी दुर्बीण, आत सुईसारखी टोकदार काडतुसं. लेस्टरनं ती बंदूक हातात घेतली, कानाशी नेली आणि विचारलं, की हिच्यातून बातम्या लागतात का. कॅम्प हसला. ब्रॅडीही हसला. जावयाला हसावंच लागतं.

पहाटे लेस्टरनं खुर्चीत बसून जागा वाटल्या. ब्रॅडीला दिला दलदलीचा काठ. ही जागा नवख्याला द्यायची पद्धत होती, म्हणजे त्याला आपल्या कॅम्पाचं नाव असं का पडलं ते कळतं. स्वतःकडं नेहमीप्रमाणं वरचं हेमलॉकचं रान.

ब्रॅडी बसला. बुटांत पाणी शिरलं. पाय आधी दुखले, मग जळले, मग नाहीसेच झाले. शिकारीत हलायचं नसतं हे त्याला माहीत होतं. पण पाय आपले आहेत की नाहीत एवढं तरी माणसाला कळायला हवं, म्हणून तो उठला आणि धपाधप पाय आपटत चढणीकडं चालू लागला. दलदलीच्या वरच्या अंगाला बर्फाळ झुडपात एक मोठा नर झोपला होता. त्यानं हा धपधपाट ऐकला, उठला आणि जिथं कधी कुणी माणूस जिवंत हालचाल करत नाही अशा एकमेव जागेकडं निघाला.

लेस्टरनं दुसरं अंडं तोंडात घातलं होतं. पुढच्या दोन झाडांमध्ये शिंगं दिसली. मग मान. मग सबंध हरीण, आडवं, उभं, स्वस्थ, जणू फोटो काढायला आलेलं.

अंडं तोंडातच राहिलं. पण हे मात्र मान्य करायला हवं, की खांद्याला लागलेली बंदूक तसूभरही हलली नाही. मागच्या खाचेत नळीच्या टोकावरची नेमाची माशी बसली, माशी हरणाच्या खांद्यामागं बसली. दिवसभर बस हाकणाऱ्या माणसाचा हात होता तो. लेस्टरनं चाप ओढला.

टक्.

एवढंच. हरणानं कान हलवला.

अशा वेळी काय करायचं हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. बंदूक आहे तिथंच धरायची, नळी समोर, श्वास मोजायचे आणि वाट बघायची, कारण काडतूस उशिरा जागं होऊ शकतं. लेस्टरनंही गावातल्या शिकारीच्या वर्गात हेच कित्येक पोरांना सांगितलं होतं. पण ते सुयांबद्दल होतं. बोथट नाक त्याच्याशी असं वागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं बंदूक खाली घेतली आणि माणूस दगा दिलेल्या विश्वासू नोकराकडं बघतो तसा तिच्याकडं बघू लागला.

तेव्हा ती उडाली.

गोळी त्याच्या डाव्या बुटाच्या चवड्याची रबरी कड घेऊन जमिनीत गेली. बर्फ, माती आणि हेमलॉकची साल तोंडावर आली. अंडं गिळलं गेलं. हरीण तीन उड्यांत नाहीसं झालं. त्या रानात त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात लेस्टर कॉन्फर आपली पायाची बोटं एकेक करून हलवत उभा होता.

ब्रॅडी चढण चढून धापा टाकत आला. तो काही अंतरावरच होता. टक् त्यानं ऐकलं होतं, सासऱ्याला बंदूक खाली घेताना पाहिलं होतं, आणि त्याच्या तोंडून आवाज निघायच्या आत बार झाला होता. त्याचा चेहरा बर्फासारखा झाला होता.

"पॉप, पाय आहे ना?"

लेस्टरनं खाली बघितलं. पाय होता. बुटाची कड नव्हती. त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "तू हरीण घाबरवलंस."

वाटेत ब्रॅडीची नजर त्या बुटावर होती. लेस्टर बोलत होता. शिंगं केवढी होती ते सांगत होता. हातांनी दाखवत होता. एका ठिकाणी वाट अरुंद होती आणि शिंगं दाखवायला जागा पुरेना, म्हणून तो तिथं थांबून आडवा वळला आणि मग दाखवली.

संध्याकाळी डेन्व्हरनं ब्रॅडीला लाकडांच्या ढिगामागं गाठलं आणि सगळं काढून घेतलं. त्याला लेस्टर चांगला ओळखीचा होता. त्याच्या बहिणीनं या माणसाबरोबर जन्म काढला होता, आणि तिला त्याचे दोन्ही पाय हवे असणार अशी त्याची समजूत होती. दोघांचं ठरलं. तो डबा आज लेस्टरकडून सुटला पाहिजे. आणि तो सुटायचा तर लेस्टरनं आपल्या तोंडानं म्हणायला हवं, की काडतूस नासकं निघालं. त्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडं सौदाही झकास होता. कायदा लेस्टरच्या बाजूनंच होता. काडतुसानं दगा दिला एवढं म्हटलं की शर्ट वाचतो, खुर्ची वाचते, पाय तर वाचलेलाच आहे.

घेवडा आणि डुकराच्या हाडांचं सूप झालं. ताटल्या बाजूला झाल्या. आरोपी खुर्चीत बसू शकत नाही, म्हणून लेस्टरला खाटेच्या कडेवर बसवलं. न्हाव्याची खुर्ची मध्ये रिकामी, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून घसरून लेस्टरच्या शर्टावर. कात्री टेबलावर होती. डेन्व्हरनं घसा साफ केला.

त्यानं आधी सरळ प्रश्न विचारले. चाप ओढला तेव्हा बंदूक कुठं होती? हरणावर. आणि गोळी सुटली तेव्हा? लेस्टर म्हणाला, की हा प्रश्न बरोबर नाही. डेन्व्हर म्हणाला, की उत्तर बुटावर लिहिलेलं आहे.

मग त्यानं आवाज खाली आणला. "लेस, काडतूस नासकं होतं, एवढंच म्हण. कात्री उचलायची नाही कुणी. खुर्चीत जाऊन बस. फक्त डबा माझ्याकडं दे, मी तो शेरीफच्या कचेरीत नेऊन टाकतो."

ब्रॅडी पुढं वाकून बसला होता. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, हे खरंच. पण त्या काळजीच्या मागं दुसरंही काही डोकावत होतं. 'नासकं' हा एक शब्द त्या तोंडून ऐकायला मिळावा म्हणून तो दलदलीत आणखी एक दिवस बसला असता.

लेस्टरनं ते पाहिलं. इकडं आड, तिकडं विहीर. हो म्हटलं तर शर्ट अखंड, उद्या पहाटे तोच खुर्चीत. पण मग पाद्री आठवला. दातांचा डॉक्टर आठवला, मीटरवाली बाई आठवली, बसमधली पोरं आठवली. ती पोरं आता मोठी झाली होती, कुणी किराणा विकत होतं, कुणी पेट्रोल भरत होतं, आणि गावात जिथं जावं तिथं एक तरी होतंच. सगळ्यांच्या तळहातावर त्यानं एकदा ते वजन ठेवलेलं. ब्रॅडी डार्लाला सांगणार. डार्ला आर्लीनला सांगणार. आर्लीन काहीच बोलणार नाही. घरी गेल्यावर काही न बोलता वडी वाढणारी ती त्याला डोळ्यांपुढं दिसली, आणि तिथंच त्याचा निर्णय झाला.

"काडतूस चांगलं होतं," लेस्टर म्हणाला. "मीच चुकलो."

डेन्व्हरनं कानामागं हात नेला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. लग्नातसुद्धा अंगठी भलत्या बोटात घातली तेव्हा त्यानं आर्लीनच्या बोटांना दोष दिला होता.

"पॉप, मी होतो तिथं," ब्रॅडी कळवळून म्हणाला. "आधी टक् झालं. मग बार झाला."

"टक् माझ्या गुडघ्यात झालं. थंडीत होतं."

"आणि गोळी बुटात कशी गेली?" डेन्व्हरनं विचारलं.

"हरीण बुटाजवळ होतं."

"बसलं होतं का?"

"लहान चणीचं होतं."

"दुपारी तर म्हणालास, शिंगं या खाटेएवढी होती."

लेस्टरनं क्षणभर विचार केला. "शिंगं मोठी होती," तो म्हणाला. "हरीण लहान होतं."

यावर जे हसू उसळलं ते शेगडीच्या नळकांड्यातून वर गेलं असेल. वरच्या खाटेवर कुणीतरी उशीत तोंड खुपसलं. ब्रॅडी मात्र हसला नाही. तो सासऱ्याकडं अशा चेहऱ्यानं बघत होता, जणू बंद पडलेली भट्टी दुरुस्त करायला बोलवावं आणि घरमालकानं म्हणावं, थंडीच बरी आहे. त्यानं एकदा डेन्व्हरकडं पाहिलं. डेन्व्हरनं खांदे उडवले. कायदा म्हणजे कायदा. माणूस स्वतःच चुकलो म्हणतो, तर पंचांनी काय करायचं.

लेस्टर उठला. पाठ केली. शर्ट पँटमधून स्वतःच्या हातानं काढून दिला. लाल चौकड्यांचा, जाड लोकरी, आर्लीननं गेल्या वर्षीच आणलेला. डेन्व्हरनं कात्री घातली. एरवी कापतात तळहाताएवढं. डेन्व्हरच्या मनात गोधडीचा हिशेब असावा. त्यानं कमरेपर्यंत नेली. कापताना कर्रकर्र आवाज येत होता आणि लेस्टर ताठ उभा होता, निशाणाला सलामी द्यावी तसा. पाठीवर गार वारा लागला तेव्हा तो म्हणाला, की कात्रीला धार नाही, पूर्वीच्या कात्र्यांचं लोखंडच वेगळं होतं. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

तुकड्यावर डेन्व्हरनं जाड अक्षरांत लिहिलं: लेस्टर कॉन्फर, हरीण लहान होतं. आणि तो ठोकला.

आता खुर्चीचं काय. अखंड शर्टाचा कॅम्पात एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे ब्रॅडी. पहिलंच वर्ष, एकही गोळी न झाडता. लेस्टरचंच शास्त्र, फक्त त्याला ते आपण वापरलं हे ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, कुरकुर केली, आणि मग कायद्यापुढं मान तुकवली. ब्रॅडीला खुर्चीत बसवलं. त्याचे पाय लोखंडी फळीवर आले तेव्हा तो इतका ओशाळला की उतरू लागला. डेन्व्हरनं त्याला खांद्यानं दाबून बसवलं.

लेस्टरनं डबा उशाशी घेतला. रात्रभर त्याचा हात झाकणावर होता. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

पहाटे ब्रॅडीनं जागा वाटल्या. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. डेन्व्हरला खिंड. बाकीच्यांना पाणवठा, सफरचंदाची बाग. हेमलॉकचं रान रिकामंच ठेवलं. मग तो थांबला, खुर्चीचे हात धरले आणि सासऱ्याकडं न बघता म्हणाला, "पॉप, तुम्ही आज इथंच. सूप कुणीतरी ढवळायला हवं."

लेस्टरनं तोंड उघडलं. खुर्चीच्या शब्दावर शब्द नाही, हे त्यानंच इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. तोंड मिटलं.

सगळे गेले. बंदुकांच्या पट्ट्यांचा, बुटांचा, नारिंगी जाकिटांचा आवाज दारातून बाहेर पडला आणि झाडांत विरला. लेस्टर शेगडीपाशी उभा राहिला, मागून अर्धा उघडा, हातात लाकडी पळी. काडतुसांचा डबा त्यानं मीठ आणि मिरीच्या मध्ये ठेवला होता. एक काडतूस काढून त्यानं तळहातावर धरलं. वजन बघायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं ते परत ठेवलं आणि घेवडा ढवळला.

उजाडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग खालच्या बाजूनं, दलदलीच्या अंगानं, बार ऐकू आला. कोरडा, तीक्ष्ण, चाबकासारखा. सुई होती. सगळ्या जागा वाटून ब्रॅडीनं स्वतःकडं दलदलच ठेवली होती तर.

लेस्टरची पळी थांबली. त्यानं कान दिला. चुकलेल्या नेमबाजाची बंदूक लगेच दुसऱ्यांदा वाजते. तो दुसरा बार यायला हवा होता. त्यानं श्वास धरून ठेवला. सूप बुडबुडलं. छपरावरून बर्फाचा एक गोळा सरकून खाली पडला. दुसरा बार आला नाही.

"फांदीत अडकली असेल," लेस्टर भांड्याला म्हणाला आणि सुपात आणखी एका ताटाचं पाणी ओतलं, कारण हरीण ओढून आणणाऱ्याला भूक फार लागते.